वण दिसू देत: गोव्यात पहिल्यांदा बर्लेस्क करणाऱ्यांसाठी

अंगावर ठळक वण आहे आणि तरी बर्लेस्क, म्हणजे रंगमंचावर खट्याळपणे, हळूहळू कपडे उतरवत करायचा नाच, करायचं मनात आहे, अशांसाठी हा लेख आहे. वण सिझेरियनचा असेल, स्टोव्हच्या भडक्यात भाजल्याचा असेल, स्कूटरवरून पडून घातलेल्या टाक्यांचा असेल, नाहीतर छाती उघडून केलेल्या ऑपरेशनचा. माझ्या डाव्या दंडावरून खांद्यापर्यंत भाजल्याचा पट्टा गेला आहे आणि मी तो उघडा ठेवून नाचते. "आधी थोडा आत्मविश्वास येऊ दे, मग बघू" म्हणत थांबलेल्या पुष्कळ जणी मला भेटल्या आहेत. त्यांना मी एकच सांगते: तो ठरवण्यातून येतो. वण कधी दिसणार, किती वेळ दिसणार, त्या वेळी उजेड कुठून येणार, हात कुठे असणार, हे सगळं घरीच ठरवून टाका. मग रंगमंचावर घाबरायला फारसं काही उरत नाही.

बर्लेस्कची थोडी ओळख

१८६८ साली लिडिया थॉम्पसन ही इंग्लिश नटी आपला इंग्लिश नट्यांचा संच घेऊन न्यूयॉर्कला गेली. पुराणकथांची टिंगल, घट्ट पायमोजे घातलेल्या बायका, पुरुषी वेषातल्या नायिका असा तो मामला होता. अमेरिकेत पुढे त्याला कपडे हळूहळू उतरवण्याच्या खेळाची जोड मिळाली. १९३३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅली रँड या नर्तकीने शहामृगाच्या पिसांचे दोन मोठे पंखे घेऊन केलेला नाच गाजला. १९३७मध्ये न्यूयॉर्क शहराने बर्लेस्कची थिएटरं बंद पाडली. १९९०च्या दशकात ही कला नव्याने उभी राहिली आणि या वेळी नाच बसवणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या, विषय निवडणाऱ्या बहुतेक स्वतः सादर करणाऱ्याच होत्या. आज सगळ्या अंगकाठीच्या, सगळ्या वयाच्या बायका हे करतात, पुरुष आणि ट्रान्स कलाकारही करतात.

जिप्सी रोझ ली ही अमेरिकेतली गाजलेली बर्लेस्क कलाकार फार थोडं उतरवायची आणि त्यावरच लोकांना खिळवून ठेवायची. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. नऊवारीत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली लावणी नर्तकी नुसत्या भुवईने आख्खं सभागृह हलवते हे आपण पाहिलेलं आहे. बैठकीच्या लावणीत बसल्या जागी एकच ओळ घोळवत दर वेळी वेगळी अदा काढायची, ही यमुनाबाई वाईकरांच्या पिढीची विद्या. नवशिक्यांनी ती आधी पाहावी. उतरवण्यापेक्षा रोखून धरण्यात जास्त ताकद असते हे तिथे लगेच कळतं.

पहिली पायरी: वणाची चौकशी

नाच बसवायच्या आधी आपला वण नीट ओळखून घ्या. जखम वरून भरली म्हणजे वण पक्का झाला असं नसतं. त्याला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं, कधी दोन वर्षंही. तोवर तो लालसर किंवा जांभळट, टणक आणि खाजरा राहतो. पुरता पक्का झाला तरी त्याची ताकद मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. म्हणून कोवळ्या वणावर गोंद नको, चमकी नको, कॉर्सेटचा (कमर आवळणाऱ्या घट्ट चोळीचा) दाब नको. नव्या वणावर ऊन पडलं की तो काळवंडतो आणि गोव्याचं ऊन डिसेंबरातसुद्धा हलकं नसतं, तेव्हा तालमीला जाताना वण झाका किंवा ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावा. उंचावलेल्या वणासाठी डॉक्टर सिलिकॉनच्या पट्ट्या देतात. त्या दिवसातले बरेच तास, काही महिने लावाव्या लागतात. कार्यक्रम जवळ आला म्हणून मध्येच सोडू नका.

वण मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढत असेल तर तो किलॉइड असू शकतो. सावळ्या कातडीत, विशेषतः छाती, खांदे आणि कानाच्या पाळीवर, याचं प्रमाण जास्त. ज्यांना किलॉइड होतात त्यांनी स्टेजवरच्या दागिन्यासाठी बेंबी किंवा कान नव्याने टोचून घेऊ नयेत. चिकटणारे खडे आणि दाबाच्या कुड्या मिळतात, त्या पुरतात.

यानंतर स्पर्श तपासा. डोळे मिटून मऊ सुती फडक्याने, मग खरखरीत टॉवेलने, मग बोटाच्या टोकाने वण आणि आजूबाजूची कातडी चाचपा. कुठे काहीच कळत नाही, कुठे झिणझिण्या येतात, कुठे हलका स्पर्शही नकोसा होतो, हे लिहून ठेवा. बधिर जागा फार जपायची असते. तिथे टाचणी टोचत असली, हूक रुतत असला, दिव्याजवळ चटका बसत असला तरी तुम्हाला कळणार नाही. बधिर भागाजवळ मेणबत्ती, गरम मेण किंवा आगीचा खेळ अजिबात करू नका, आणि नाच संपल्यावर आरशात तो भाग बघून घ्या. उलट जिथे स्पर्श सहन होत नाही, तिथे रोज थोडा वेळ आधी मऊ, मग जरा खरखरीत कापड फिरवत गेलं की सवय लागते. फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात.

भाजलेल्या खोल वणांत आणि कातडीचं रोपण केलेल्या जागी घामाच्या ग्रंथी नसतात किंवा अगदी थोड्या असतात. अंगाचा मोठा भाग असा असेल तर शरीर लवकर तापतं. आपल्याकडच्या दमट हवेत ही बारीकसारीक गोष्ट नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद खोलीत दुपारी तालीम करू नका. सकाळी लवकर करा, पंखा लावा, दर गाण्यानंतर पाणी प्या. चक्कर आली किंवा डोकं ठणकू लागलं तर तालीम त्या दिवसापुरती संपली असं समजा.

आणखी काही जणींसाठी खास सूचना:

- स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हातात घट्ट हातमोजा, बाजूबंद किंवा रबरी पट्टी घालू नका. हात सुजण्याचा धोका असतो. हातमोज्यांचा नाच दुसऱ्या हाताने करा. एकाच हातात मोजा असणं रंगमंचावर फार देखणं दिसतं.
- छातीचं हाड कापून हृदयाचं ऑपरेशन झालं असेल तर हाड सांधायलाच दोन-तीन महिने जातात. कॉर्सेट आणि हात वर उचलण्याबद्दल सर्जनना थेट विचारा. काय करणार आहात ते न लाजता सांगा.
- वण सांध्यावर असेल आणि कातडी ओढली जात असेल तर हात किंवा पाय जितका जातो तितकाच नाच बसवा. त्या बाजूला संथ हालचाल द्या, मोठी फेक दुसऱ्या बाजूला.
- वण स्वतःच्या हातून झालेले असतील तर ते दाखवणं न दाखवणं सर्वस्वी तुमच्याकडे. मात्र ती ओढ अजून जागी असेल तर कार्यक्रमाची घाई करू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

दुसरी पायरी: वणाला नाचात जागा देणं

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. कपडे शिवायला टाकण्याआधी हे ठरलं पाहिजे.

वाटा तीन आहेत. वण पूर्ण नाचभर झाकलेला ठेवायचा, पहिल्या क्षणापासून उघडा ठेवायचा, किंवा नाचाच्या ओघात उघड करायचा. तिन्ही योग्य आहेत. झाकून नाचणारी बाई भित्री आणि उघडून नाचणारी शूर, असं मी अजिबात मानत नाही. बर्लेस्कमध्ये काय दाखवायचं ते नाचणारी ठरवते आणि वणालाही तोच नियम लागू.

तरी पहिल्यांदा करणाऱ्यांना मी दुसरी वाट सुचवते: पडदा सरकला की वण दिसतो आहे. प्रेक्षकांची नजर आधी तिथे जाईल, थोडा वेळ रेंगाळेल, मग चेहऱ्यावर येईल, कारण चेहऱ्यावर काहीतरी चाललेलं आहे. तेवढ्यात नवलाई ओसरते. बाकीची तीन मिनिटं लोक तुमचा नाच बघतात. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेली रेश्मा कुरेशी २०१६मध्ये न्यूयॉर्क फॅशन वीकच्या रॅम्पवर चालली तेव्हा तिचा चेहरा पहिल्या पावलापासून सगळ्यांसमोर होता. तिथे उलगडून दाखवायचं काही राखून ठेवलेलं नव्हतं, म्हणून बघणाऱ्यांना तिची चाल आणि तिचा पोशाखही बघता आला.

तिसरी वाट अवघड आहे. नाचाचा शेवटचा क्षण, जिथे शेवटचा कपडा उतरतो, तिथे टाळी पडते. पहिल्याच नाचात तो क्षण वणासाठी ठेवू नका. लोक भारावले की एक क्षण गप्प होतात आणि नवी कलाकार ती शांतता नकार समजून बसते. पुढे सात-आठ कार्यक्रम झाले, प्रेक्षकांची शांतता वाचता यायला लागली, की मग जरूर करा. तेव्हा त्या उलगडण्यात गोष्ट भरता येईल. सुरुवातीला उलगडायचाच असेल तर नाचाच्या मध्यावर उलगडा आणि त्यानंतर लगेच काहीतरी खट्याळ करा: पंखा मिटून नाकावर टेकवा, मोजा समोरच्या मैत्रिणीच्या मांडीवर टाका. लोकांना हसायची परवानगी मिळते आणि खोली पुन्हा तुमच्या ताब्यात येते.

आता कागद घ्या. गाण्याची मिनिटं आडवी लिहा. पहिला नाच तीन ते चार मिनिटांचाच ठेवा. खाली तीन ओळी आखा: कपडा, नजर, वण. कोणत्या ठिकाणी कोणता कपडा निघतो, तेव्हा तुम्ही कुठे बघता, त्या वेळी वण दिसतो की नाही. तिसऱ्या ओळीत एकही जागा "बघू तेव्हा" अशी राहता कामा नये.

हात आणि नजर

प्रेक्षक तुमच्या डोळ्यांमागे जातात. तुम्ही स्वतःच्या पोटाकडे पाहिलं की सगळं सभागृह पोटाकडे पाहतं. तुम्ही मान वर करून मागच्या रांगेतल्या एका माणसाकडे पाहिलंत की लोक तुमच्या चेहऱ्यावर येतात. वणाकडे लक्ष न्यायचं असेल तर आधी डोळे न्या, मग हात. वणावरून लक्ष हलवायचं असेल तर दुसऱ्या हाताचं मनगट हळूच फिरवा आणि स्वतः त्याच्याकडे कौतुकाने बघा.

हातांचं म्हणाल तर नवशिक्यांच्या हातात एक सवय हमखास दिसते. तळवा मानेवरून खाली सरकत येतो आणि वणापाशी आला की गती बदलते. एक तर पटकन ओलांडला जातो, नाहीतर बोटं उचलली जातात. प्रेक्षकांना कारण कळत नाही, पण काहीतरी टाळलं गेलं हे कळतं. यावर रोजचा साधा सराव आहे. आरशासमोर उभं राहा, संथ गाणं लावा, आठ मात्रांत तळवा खांद्यापासून कमरेपर्यंत न्या. निरोगी बाजूने एकदा, वणाच्या बाजूने एकदा. दोन्ही वेळा आठच मात्रा, दोन्ही वेळा तळव्याचा दाब सारखा. आरसा नकोसा वाटत असेल तर पहिले काही दिवस पाठ फिरवून, नुसत्या मोजणीवर करा. हा सराव मी अजून सोडलेला नाही.

हातमोजा काढायची रीत शिकून घ्या, कारण त्यातून सगळं शिकता येतं. करंगळीपासून सुरुवात करून एकेका बोटाचं टोक हलकेच ओढून सैल करायचं. अंगठा शेवटी. मग मनगटाकडून कड उलटी करत खाली आणायची, मधलं बोट दातांत धरायचं आणि हात मागे घ्यायचा. मोजा पूर्ण निघायच्या आधी एकदा थांबा, समोर बघा, परत वर चढवल्यासारखं करा. एवढ्यात एक कडवं सहज जातं. वण हातावर असेल तर मोजा निघताना तो आपोआप, तुमच्या वेगाने दिसत जातो.

पोशाख

चांगली शिवणारी बाई शोधा आणि तिला सगळं सांगा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साटीन, जाळी, लेस, टिकल्यांच्या पट्ट्या स्वस्तात मिळतात; कापड घेऊन जा म्हणजे बोलणं सोपं होतं. माझ्या शिवणकाकूंशी पहिलं बोलणं असं झालं:

"बाय, खांदा बंद करून देऊ? कुणाला दिसायचं नाही."

"नको काकी, खांदा उघडाच असू दे. फक्त हुकाची ओळ वणावर यायला नको, तेवढं बघा."

त्यांनी शिवण दोन बोटं बाजूला घेतली आणि आतून मऊ सुती अस्तर लावलं. तुम्हीही हेच सांगा: शिवण, चेन, हूक, कॉर्सेटची पट्टी यांपैकी काहीही वणावर येऊ नये. टिकल्यांचं कापड वणावरून घसटत निघणार असेल तर आतून साटीनचं अस्तर हवंच. ओढून काढायच्या कपड्यांना टिचबटणं लावा, ती एका झटक्यात सुटतात. वेलक्रोचा फरकाटा आवाज गाणं बिघडवतो आणि त्याची काटेरी बाजू वणाला ओरबाडते.

स्तन काढलेला असेल तर ब्रेसियरला आतून खिसा शिवून त्यात कृत्रिम स्तन ठेवता येतो. तो नाचात निसटू नये म्हणून खिशाचं तोंड टिचबटणाने बंद करा. काही जणी एका बाजूला काहीच न ठेवता सपाट छातीवर मण्यांची जाळी ओढतात. तेही सुंदर दिसतं.

पेस्टीज (स्तनाग्रं झाकणाऱ्या चिकट टिकल्या), खडे, पट्ट्या चिकटवण्यासाठी कातडीसाठी बनवलेली दुहेरी टेप किंवा मेकअपचा गोंदच वापरा. आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दोन दिवस वाट पाहा. पापण्यांच्या काही गोंदांत लेटेक्स असतं; त्याची अ‍ॅलर्जी अनेकांना असते. वणावर थेट काही चिकटवू नका, वणाच्या कडेने चिकटवा. खोबरेल रोज रात्री लावत असाल तर उत्तम, पण कार्यक्रमाच्या दिवशी नको, काहीच चिकटणार नाही.

रंग आणि उजेड

मेकअप वणाचा रंग झाकतो, उंचसखलपणा झाकत नाही. लालसर वणावर हिरवट कन्सीलर, जांभळटावर पिवळा, गडद तपकिरीवर नारिंगी, आणि त्यावर आपल्या कातडीचा रंग. पातळ थर, प्रत्येकावर पावडर, शेवटी सेटिंग स्प्रे. एवढं केलं तरी दमट रात्री तासाभरात काठ फुटू लागतात, तेव्हा हे आत जायच्या अगदी आधी करा.

वण सजवायचा असेल तर त्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी सौंदर्यप्रसाधनाची सोनेरी चमकी ओढा. शाळेच्या हस्तकलेची चमकी धारदार असते, ती अंगाला लावू नका. किनाऱ्यावर मिळणारी "काळी मेंदी" तर कधीच नको. तिच्यात पीपीडी नावाचं केसांच्या कलपाचं रसायन असतं. त्याने फोड येतात आणि काहींना कायमचा वण राहतो.

उजेडाबद्दल फार कमी जणी विचारतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. समोरून पडणारा सपाट उजेड वणाचा उठाव पुसून टाकतो. बाजूने पडणारा उजेड त्याच वणाच्या कडेला सावली देतो आणि तो कोरल्यासारखा दिसतो. लाल किंवा गुलाबी दिव्यात लालसर वण कातडीत मिसळतो, निळ्या-हिरव्यात तोच काळा पडतो. पिवळसर, मधाच्या रंगाचा दिवा बहुतेक सावळ्या कातडीला छान दिसतो. म्हणजे वण दाखवायच्या क्षणी बाजूचा मधाळ दिवा, बाकीच्या वेळी समोरचा गुलाबी, असं नुसत्या दोन दिव्यांत करता येतं. गोव्यात गावोगावी देवळाच्या उत्सवात मराठी नाटकं होतात, त्यामुळे दिव्यांचं समजणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. त्याला तुमचा तो तीन ओळींचा कागद द्या. तालमीत दिव्याखाली उभं राहून मैत्रिणीला फोनवर फोटो काढायला लावा आणि फोटो बघूनच रंग ठरवा.

पहिले प्रेक्षक

गोव्यात सत्तरी-पेडण्याकडे पौषात ढालो हा बायकांचा लोकनृत्याचा उत्सव होतो. रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, बायकाच गातात, नाचतात, शेवटी सोंगं आणतात. बायकांनी बायकांसाठी मोकळं व्हायची जागा आपल्याकडे फार जुनी आहे, ती वापरा. पहिला नाच चार-पाच विश्वासातल्या मैत्रिणींसमोर, कुणाच्या तरी घरी, दार लावून करा. पूर्ण पोशाखात, पूर्ण मेकअपमध्ये. त्यांना आधीच सांगा की नंतर वणाबद्दल बोलायचं नाही, नाचाबद्दल बोलायचं: कुठे गती पडली, कुठे कंटाळा आला, कुठे हसू आलं. "किती धीराची गं तू" हे ऐकून बरं वाटतं, पण त्यातून नाच सुधारत नाही.

नातेवाइकांना सांगायचं की नाही याबद्दल मी कुणाला सल्ला देत नाही. रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या बाईबद्दल बोलायची गोव्यात जुनी खोड आहे आणि ती कुणाला किती लागेल हे ज्याचं त्याला ठाऊक.

जागा, वेळ, कायदा

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली, सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य किंवा गाणं केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. म्हणून किनारा, उघडं अंगण, रस्त्यावरून दिसणारी गच्ची टाळा. बंद जागा, फक्त प्रौढ, आधी नाव नोंदवलेले पाहुणे, आणि अंगावर कायम पुरेसं कापड. कातडीच्या रंगाचं अस्तर किंवा जाळी वापरून उघडं असल्याचा भास देता येतो. दारावर "आत काय आहे" याची पाटी हवी. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, तेव्हा नाच नऊच्या सुमाराला ठेवा. पावसाळ्यात वीज जाते. गाणं बॅटरीच्या स्पीकरवरही तयार असू दे.

निवेदक आणि प्रश्न

निवेदन करणाऱ्याला तुमची ओळख लेखी द्या. त्यात नाव, गाणं, एखादा खट्याळ शब्द, बस्स. "अपघातावर मात करून", "वण असूनही" अशी वाक्यं कापा. ती बोलली गेली की तुम्ही आत यायच्या आधीच लोकांनी तुमची दया केलेली असते आणि दया करणारा माणूस मोकळेपणी शिट्टी मारत नाही.

नंतर कुणीतरी विचारेलच, "काय झालं होतं?" उत्तर पाठ करून ठेवा. सांगायचं असेल तर एका वाक्यात: "लहानपणी भाजलं होतं." सांगायचं नसेल तर: "ते राहू दे, नाच कसा वाटला ते सांगा." दोन्ही हसून म्हणता येतात. न विचारता हात लावायला कुणी पुढे आलं तर मागे सरका आणि मोठ्याने "हात नको" म्हणा, मग तो यजमान असला तरी.

फोटो, व्हिडिओ आणि दुसरा दिवस

मुखवटा घातला, वेगळं नाव घेतलं, तरी ठळक वण तुमची ओळख सांगतो. गोव्यासारख्या लहान राज्यात तर नक्कीच. कागदपत्रांत "अंगावरची ओळखखूण" म्हणून आपण हेच लिहून देतो. तेव्हा ओळख लपवणं गरजेचं असेल, नोकरी किंवा घरचा प्रश्न असेल, तर दोनच मार्ग आहेत: वण जाळीखाली ठेवा, किंवा फोन दाराशी जमा करून घेणाऱ्या आयोजकाकडेच नाचा. फोन जमा करणं जमत नसेल तर कॅमेऱ्यावर कागदी स्टिकर लावतात, तेही चालतं. अधिकृत फोटो कोण काढणार, कुठे टाकणार, किती दिवस ठेवणार हे लेखी घ्या. कपडे बदलायच्या खोलीत कुणी बाईचं चोरून चित्रण केलं तर तो संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. खोलीला आतून कडी आहे का, हे आधीच जाऊन बघा.

नाच संपल्यावर लगेच कपडे बदला, घामात बसू नका. गोंद ओढून काढू नका. खोबरेल किंवा मेकअपचं तेल लावून मुरू द्या, मग बोटाने गोल फिरवत सोडवा. चमकी ओल्या मऊ कापडाने टिपा. साध्या साबणाने धुऊन वणावर सुगंध नसलेलं मलम लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात वण बघा. लाली वाढलेली असेल, कातडी सोललेली असेल, पाणी येत असेल तर जखम पूर्ण भरेपर्यंत तिथे टेप, रंग, कॉर्सेट काहीही नको. ताप आला, पू दिसला किंवा दुखणं वाढत गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि कोणता गोंद, कोणता रंग वापरला होता त्याची बाटली सोबत न्या.